लोहार चाळीतली चित्रकर्ती

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. काही सभासदांच्या आग्रहावरून येथे दिले आहे.)



वर्धापनदिनाच्या भाषणाला बाहेरून पाहुणी बोलवावी, हा आपल्या मंडळाचा प्रघात. यंदा ज्या बाई यायच्या होत्या त्यांच्या सुनेचे बाळंतपण आठ दिवस अलीकडे आले, आणि चिटणीसबाईंनी मला गळ घातली, "तुम्हीच बोला. चित्रांविषयी बोला, तुम्हांला त्यातलं कळतं." मी मंडळाची खजिनदार. अकरा वर्षे जमाखर्च लिहीत आले आहे. माझ्या तोंडून वर्गणी थकल्याखेरीज दुसरे काही ऐकण्याची तुम्हांला सवय नाही. तेव्हा चुकले-माकले तर सांभाळून घ्या.

विषय शोधायला मी लांब गेले नाही. आपल्यापैकी प्रत्येकीने लोहार चाळ पाहिली आहे. पंख्याचा कंडेन्सर गेला, मिक्सरची वायर जळाली, दिवाळीला दिव्यांच्या माळा आणायच्या झाल्या, की पिशवी घेऊन आपण त्या गर्दीत शिरतो. हातगाड्या चुकवायच्या, हमालाची हाक आली की भिंतीला चिकटायचे, भाव करायचा आणि घरी यायचे. याच गल्लीत कित्येक वर्षे एका चित्रकर्तीची काम करण्याची जागा होती. आपण जी गर्दी चुकवीत होतो तीच त्या पाहत होत्या आणि कागदावर उतरवीत होत्या. त्यांचे नाव नलिनी मलानी. मी पन्नास वेळा तरी त्या गल्लीतून गेले असेन, पण एकदाही मान वर करून पाहिले नाही. पाहिले असते तरी काय कळले असते म्हणा!

नलिनीबाई माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या. जन्म १९४६ चा, कराचीचा. फाळणी झाली तेव्हा त्या तान्ह्या होत्या. घरदार मागे ठेवून कुटुंब कलकत्त्याला आले आणि १९५८ साली मुंबईला. पुढे १९६४ ते १९६९ जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण झाले. एवढे चरित्र पुरे. तारखांची यादी वाचून दाखवायला मी उभी राहिलेली नाही. मला सांगायची आहे ती त्यांना मिळालेल्या एका खोलीची गोष्ट.

वॉर्डन रोडवर समुद्राच्या अंगाला भुलाभाई देसाईंचा बंगला होता. त्यांच्यामागे त्या जागेत भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट नावाची संस्था चाले, आणि तिचा व्याप त्यांच्या सूनबाई माधुरीबेन पाहत. चित्रकारांना तेथे नाममात्र भाड्याने खोल्या मिळत. आपल्या गिरगावच्या चाळीत वाढलेले वासुदेव गायतोंडे तेथे काम करून गेले, हुसेन करून गेले. एका बाजूला रविशंकरांची संगीताची शाळा, दुसऱ्या बाजूला नाटकवाल्यांच्या तालमी. अशा जागी १९६४ साली, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षी, कॉलेजात पहिलेच वर्ष असताना, या मुलीला एक खोली मिळाली. तीन वर्षे ती तिच्याकडे होती. दार उघडून बाहेर आले की कोणी सतार लावते आहे, कोणी संवाद घोकते आहे. शाळेत शिकवितात ते एक शिक्षण आणि अशा व्हरांड्यात कानांवर पडते ते दुसरे. आता तो बंगला नाही, तेथे उंच इमारत उभी आहे.

खोलीपाशी मी जरा रेंगाळले, कारण आपल्या मंडळातही सध्या एका खोलीवरूनच कुजबुज चालू आहे. पाहुण्या भगिनींना ठाऊक नसेल म्हणून सांगते. या सभागृहाच्या मागे दहा बाय बाराची एक खोली आहे. दोन घडीची टेबले, एक पत्र्याचे कपाट, गल्लीकडे उघडणारी एक खिडकी. दर बुधवारी तीन ते पाच आम्ही आठ-नऊ जणी तेथे चित्रे काढतो. एका केटररने ती खोली भांडी ठेवायला मागितली आहे, महिना सहा हजार देतो म्हणतो. वर्षाचे बहात्तर हजार होतात, आणि आपल्या गच्चीची गळती तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. खोली भाड्याने द्यावी असा ठराव मीच मांडला आहे. बुधवारी चित्रे काढणाऱ्यांत मीही असून मांडला आहे. जमाखर्चाच्या वहीत बुधवारच्या समोर लिहायला एक पैसाही नसतो. मग खजिनदाराने दुसरे काय करावे, असे माझे म्हणणे होते. ते आत्ता बाजूला ठेवते.

तर नलिनीबाई. १९६९ साली अकबर पदमसी या मोठ्या चित्रकारांना नेहरू फेलोशिप मिळाली. माणसाने अशा पैशांतून स्वतःची सोय पाहिली असती तर कोणी नाव ठेवले नसते. त्यांनी त्यातून एक कार्यशाळा काढली. कॅमेरा ठेवला, ठसे छापण्याचे यंत्र ठेवले, आणि चित्रकार व चित्रपटवाले यांनी एकत्र येऊन काय वाटेल ते करून पाहावे, अशी मुभा दिली. मणी कौल, कुमार शहानी अशी मंडळी तेथे येत. त्या पुरुषांच्या मेळ्यात नलिनीबाई गेल्या आणि चक्क चित्रपट करू लागल्या. पुठ्ठ्याची लहानशी घरे करायची, त्यांच्यावर रंगीत उजेड पाडायचा आणि एकेक चित्र टिपत जायचे. 'ड्रीम हाउसेस' असे त्या चित्रपटाचे नाव. नव्या देशात सर्वांना हवेशीर, उजेडाचे घर मिळेल, हे त्या काळचे स्वप्न त्यात होते. पुढे १९७६ साली त्यांनी त्याच्याच शेजारी दुसरा चित्रपट जोडला. त्यात एक तरुणी मुंबईतल्या इमारती आणि झोपड्या पाहत उभी आहे. एका अंगाला रंगीत स्वप्न, दुसऱ्या अंगाला काळे-पांढरे वास्तव. आपण गिरगावकरांनी अलीकडे चाळी पाडताना आणि टॉवर उभे राहताना पाहिले आहेत; ती दोन चित्रे शेजारी ठेवण्यातला अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

मधली दोन वर्षे त्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला होत्या. परत आल्यावर मित्रमंडळींचे वर्तुळ वाढत गेले. विवान सुंदरम यांचे कसौलीला घर होते. तेथे १९७६ पासून कलावंतांची शिबिरे भरू लागली. डोंगरात जायचे, एकत्र राहायचे, काढायचे, भांडायचे. या मेळ्यातून १९८१ साली 'प्लेस फॉर पीपल' नावाचे प्रदर्शन उभे राहिले आणि मुंबईत व दिल्लीत झाले. चित्रातून माणूस हद्दपार होत चालला आहे, त्याला पुन्हा जागा द्या, असा त्याचा रोख. भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख, जोगेन चौधरी, विवान सुंदरम, आपल्या ठाण्याचे सुधीर पटवर्धन, आणि नलिनी मलानी. पटवर्धन तर डॉक्टर. दिवसभर दवाखान्यात एक्सरे पाहत आणि उरल्या वेळात चित्रे काढीत. गीता कपूर यांनी प्रदर्शनाचा लेख लिहिला. पण चित्रे काढणाऱ्या सहांत बाई एकच.

मला हे वाचताना सारखे वाटत होते की एकटीला काय वाटत असेल? पाहुण्यांच्या पंक्तीत पुरुषांच्या रांगेला एकच पान बाईचे, तसे.

याचे उत्तर त्या आधीच शोधू लागल्या होत्या. १९७९ साली त्या न्यूयॉर्कला गेल्या असताना तेथे त्यांनी ए. आय. आर. नावाचे एक चित्रदालन पाहिले. ते १९७२ पासून फक्त बायकांनी मिळून चालविलेले. भाडे त्याच भरणार, भिंती त्याच रंगविणार, कोणाचे चित्र लावायचे तेही त्याच ठरविणार. थोडक्यात, आपल्यासारखे महिला मंडळच! नॅन्सी स्पेरो, मे स्टीव्हन्स, आना मेंडिएटा अशा चित्रकर्ती त्यांना तेथे भेटल्या. आपल्याकडे असे का होऊ नये, हा विचार घेऊन त्या परतल्या.

१९७९ हे साल मला दुसऱ्या एका कारणाने पक्के ध्यानात आहे, ते सांगते. सांगू की नको असे करीत होते. मी शाळेत असताना इंटरमीजिएटची चित्रकलेची परीक्षा 'अ' श्रेणीत पास झाले होते. पुढे वर्षभर एका शिक्षकांकडे जाऊन मानवाकृती शिकले. लग्न झाले तेव्हा माहेरून चित्रांचे भेंडोळे बरोबर आणले आणि माळ्यावर ठेवले. १९७९ च्या दिवाळीपूर्वी घराला चुना काढायचा होता. माळा रिकामा करताना भेंडोळे खाली आले. वाळवी लागली नव्हती, उंदरांनी कुरतडले नव्हते. रद्दीवाला दारात उभा होता. घरात कोणी मला 'देऊन टाक' म्हणाले नाही. सासूबाई तर म्हणाल्या, "असू दे गं, कुठे खायला मागतंय?" मीच म्हटले, "जागा अडते," आणि तराजूत ठेवले. सव्वादोन किलो भरले. आलेल्या पैशांत आले आणि कोथिंबीर घेतल्याचे आठवते. त्यानंतर मी कित्येक वर्षे रांगोळीशिवाय काही काढले नाही. कोणावर राग धरावा तर समोर कोणी नाही, ही त्यातली खरी पंचाईत.

असो. नलिनीबाईंच्या मनात पुष्कळ बायकांचे मोठे प्रदर्शन होते. पाठिंबा मिळेना. खटपट करता करता वर्षे गेली आणि शेवटी चौघी उरल्या. चौघी तर चौघी! १९८७ ते १९८९ या काळात त्यांनी 'थ्रू द लुकिंग ग्लास' या नावाने आपली जलरंगातली चित्रे देशात पाच ठिकाणी फिरविली, आणि ठिकाणेही अशी निवडली की जेथे विक्रीचा बाजार नाही. मोठे तैलचित्र हलवायचे म्हणजे पेटी, टेम्पो, माणसे. कागद कसा, बगलेत मारला आणि निघाले. जलरंगाला बडी मंडळी जरा हलके समजतात. पण स्वयंपाकघराच्या टेबलावर, मूल झोपलेले असताना, वाटीभर पाण्यात काय होते ते आपल्याला ठाऊक आहे.

बुधवारच्या बैठकीत या चौघींची चित्रे मी फोनवर मोठी करून दाखविली. त्यांत आमच्या बायकांना सर्वांत जवळच्या वाटल्या माधवी पारेख. गुजरातेतल्या संजया नावाच्या खेड्यातला जन्म. कोणत्याही कलाशाळेत गेल्या नाहीत. यजमान मनू पारेख चित्रकार. १९६४ साली दिवस गेलेले असताना त्यांनी काढायला सुरुवात केली, आणि यजमानांनी पॉल क्ली या चित्रकाराच्या पुस्तकातले धडे त्यांच्यापुढे ठेवले. त्रिकोण काढ, वर्तुळ काढ, रेघ फिरव. माधवीबेननी त्या त्रिकोण-वर्तुळांत खेड्यातल्या रांगोळ्या, भरतकामाचे टाके, देवदेवता आणि जनावरे आणून बसविली. चित्रभर ठिपके आणि टाके. आमच्यातल्या एक काकू पाहून म्हणाल्या, "अगं, हा तर साखळी टाका!" आणि खरेच होता.

अर्पिता सिंग दिल्लीच्या. कापडाच्या नक्षीचे काम करता करता त्यांचे चित्र वाढले. त्यांच्या चित्रात फुले, म्हाताऱ्या बायका, मोटारी, बंदुका सगळे एकमेकांत मिसळून येते. २०२५ साली लंडनच्या सर्पेंटाइन गॅलरीने त्यांचे मोठे प्रदर्शन केले, तेव्हा त्या सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या. आपल्यातल्या ज्या साठीलाच 'आता काय राहिलंय' म्हणतात त्यांनी हे ऐकून ठेवावे.

चौथ्या बडोद्याच्या नीलिमा शेख. यांच्या चित्रांपाशी आमची बैठक थांबली. या प्रदर्शनाच्या आधी, १९८४ साली, त्यांनी 'व्हेन चंपा ग्रू अप' ही बारा लहान चित्रांची मालिका काढली होती. चंपा म्हणजे त्यांच्या ओळखीतली एक मुलगी. पहिल्या चित्रांत ती खेळते आहे, सायकल चालविते आहे. मग लग्न. मग सासर, काम, छळ. मग स्वयंपाकघर, आणि आग. पोथीतल्या चित्रांसारखी नाजूक रेघ, हातकागद, कोवळे रंग. म्हणून पहिल्यांदा पाहताना डोळे सुखावतात, आणि तसेच सुखावलेल्या डोळ्यांनी आपण त्या आगीपर्यंत जाऊन पोहोचतो. मी फोन टेबलावर ठेवला. कोणी बोलेना. मग आमच्यातल्या एकीने आपल्या जुन्या चाळीतल्या एका सुनेचे नाव घेतले. त्या वर्षांत पेपरात 'स्टोव्हचा भडका' असे दोन ओळींचे मथळे येत, ते आठवत असतील. ती सून त्यांच्या शेजारच्या खोलीतली. त्या दिवशी या बाईंनी किंकाळी ऐकली होती, आणि पंचनाम्याच्या वेळी यजमानांनी डोळ्यांनी खुणावल्यावर 'मी घरी नव्हते' असे सांगितले होते. चाळीस वर्षे त्यांनी हे कोणाला सांगितले नव्हते. मग त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या आणि कागद ओढून घेऊन स्टोव्ह काढू लागल्या. नुसता स्टोव्ह, पंपाचा, तीन पायांचा, पितळी. त्यांच्या परवानगीने हे येथे सांगते आहे.

पाच वाजता दार लावायचे असते. त्या दिवशी आम्ही सातला लावले.

आता मी स्वतः पाहिलेल्या प्रदर्शनाविषयी. १९९२ साल. भाचीच्या साखरपुड्याची खरेदी करून फोर्टातून येत होते. पाऊस आला म्हणून जहांगीर आर्ट गॅलरीत शिरले, आणि पाऊस थांबेना म्हणून जिना चढून वर गेले. वर तेव्हा केमोल्ड नावाची गॅलरी होती. आत फ्रेमा नव्हत्या. माणसे सरळ भिंतीवर काढलेली होती. 'सिटी ऑफ डिझायर्स' असे प्रदर्शनाचे नाव आणि खाली नलिनी मलानी. ते नाव मी प्रथम तेव्हा वाचले. ती माणसे मला ओळखीची वाटली. ही आपण रोज ओलांडतो ती रस्त्यावरची माणसे, ओझ्याखालची, कडेला बसलेली. मी तेथल्या मुलाला विचारले, "हे विकणार कसं? भिंत तोडून?" तो म्हणाला, "विकायचं नाही. पंधरा दिवसांनी चुना मारणार."

मला त्याचे बोलणे खरे वाटेना. पुढे वाचले तेव्हा समजले की ते तसेच ठरलेले होते. राजस्थानात नाथद्वाऱ्याची जुनी भित्तिचित्रे हेळसांडीने नष्ट होत होती. चित्र नाहीसे होते म्हणजे काय होते, ते लोकांच्या डोळ्यांदेखत घडवायचे, असा नलिनीबाईंचा विचार. शिवाय जे विकताच येत नाही ते लोकांनी पाहण्यापुरतेच राहते, मालकीचा प्रश्नच उरत नाही.

त्या दिवशी मी छत्री मिटून, साड्यांची पिशवी पायाशी ठेवून बराच वेळ उभी होते. एका बाईने आपली चित्रे चुन्याखाली घालायची ठरवून काढली होती. मीही चुना काढण्याच्या निमित्तानेच माझी घालवली होती. दोन्ही गोष्टी दिसायला सारख्या, आणि किती निराळ्या! तिने पंधरा दिवस साऱ्या मुंबईला दाखविली आणि मग पुसली. माझी कोणी पाहिलीच नव्हती. रांगोळी आपण रोज काढतो आणि रोज झाडून टाकतो, त्याचे दुःख होत नाही. कारण सकाळी जिन्यावरून जाणाऱ्या चार जणींनी 'आज काय सुरेख आलीय हो' म्हटलेले असते. दुसऱ्या दिवशी दादरला जाऊन मी एक रंगपेटी आणली. यजमानांनी विचारले, "कुणाला?" मी म्हटले, "भाचीला." तेव्हाही खरे सांगण्याचा धीर झाला नाही.

त्यानंतर नलिनीबाईंचे जेथे काही दिसेल तेथे मी जाऊ लागले. १९९९ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, त्यांची 'रिमेंबरिंग टोबा टेक सिंग' ही मांडणी होती. आदल्या वर्षी, १९९८ च्या मे महिन्यात, दोन्ही देशांनी अणुस्फोट केले होते. मंटो यांच्या फाळणीवरल्या कथेचे नाव त्यांनी घेतले होते. जमिनीवर बारा पत्र्याच्या ट्रंका, उघड्या, आत गोधड्या आणि गोधड्यांत दूरदर्शनचे पडदे. घर सोडून निघालेल्या माणसाची ट्रंक म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी निर्वासित नातलग आले त्यांना सांगायला नको. आणि समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन बायका, एक इकडची आणि एक तिकडची. मिळून साडी घडी करू पाहताहेत. साडीची घडी दोघींना दोन टोके धरून घालायची असते. आपण सासू-सुना, बहिणी-बहिणी आयुष्यभर घालीत आलो. येथे दोघींच्या मधल्या भिंतीवर स्फोट होतात आणि घडी काही होत नाही. मोठाली भाषणे ऐकून मला युद्धाविषयी जे समजले नव्हते ते त्या अर्धवट घडीने समजले.

त्यांच्या एका तऱ्हेविषयी थोडे सांगते, कारण आमच्या बुधवारच्या बायकांनी ती करून पाहिली. पारदर्शक पत्र्यावर त्या मागच्या बाजूने रंगवितात. भूपेन खख्खरांकडून त्यांनी हे घेतले. माझ्या आजीच्या देवघरात काचेवर असे उलटे रंगविलेले एक बाळकृष्णाचे चित्र होते, तीच ही जुनी रीत. आपण कागदावर आधी मागचे आभाळ रंगवितो आणि सर्वांत शेवटी डोळ्यांत बाहुली घालतो. येथे सगळे उलटे. आधी डोळ्यातली बाहुली, मग डोळा, मग गाल, आणि आभाळ शेवटी. एकदा पुढे गेले की मागे येऊन डोळा दुरुस्त करता येत नाही. डावे ते उजवे होते, हे निराळेच. आम्ही जुन्या फोटोंच्या काचा आणल्या आणि प्रयत्न केला. पहिल्या दिवशी एकीच्या गणपतीची सोंड बिघडली आणि दुसरीच्या नातवाला मिशा आल्या. नलिनीबाईंनी मात्र असे रंगविलेले पत्रे गुंडाळून त्यांची मोठी नळकांडी केली, ती फिरती टांगली आणि त्यांतून उजेड सोडला. भिंतींवर सावल्या फिरू लागतात. २०१२ साली जर्मनीत कासेल येथे त्यांनी अशी सबंध खोली उभी केली होती.

पारितोषिके पुष्कळ आहेत. २०२३ चे जपानचे क्योतो पारितोषिक त्यांतले मोठे. पण मला त्याहून गंमत दुसऱ्याची वाटते. त्याच वर्षी लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्यांचे प्रदर्शन झाले. युरोपातल्या मोठमोठ्या जुन्या चित्रकारांची ती पेढी. सत्तरी ओलांडलेल्या या बाईंनी त्या चित्रांतले तुकडे उचलले, त्यांवर आयपॅडवर बोटाने रेघा ओढल्या, त्या चालत्याबोलत्या केल्या आणि त्या दालनाच्या भिंतींवर सोडल्या. बोटाने! आपल्यातल्या कितीजणी अजून फोनवर बोट लावायला घाबरतात.

आता त्या मागच्या खोलीविषयी. बुधवारी येणाऱ्यांत एक आजी आहेत, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांची चाळ पाच वर्षांपूर्वी पाडली. त्या दर बुधवारी एकच चित्र काढतात: त्या चाळीचा जिना. कधी खालून, कधी वरून, कधी पावसात. मागे एकदा त्यांच्याच जुन्या शेजारणीने पायऱ्या मोजल्या आणि म्हणाल्या, "अहो, एकोणीस नव्हत्या, एकवीस होत्या." दोघींचे चांगले वाजले. पुढच्या बुधवारी आजी आल्या त्या एकवीस पायऱ्या काढून. दोन पायऱ्यांवर त्यांनी माणसे बसविली होती. विचारले तर म्हणाल्या, "या दोन पायऱ्यांवर नेहमी कुणीतरी बसलेलं असायचं गं, म्हणून मोजण्यात राहिल्या."

त्यांच्या घरी टेबल नाही. सुनेच्या घरात त्यांना एक पलंग आहे आणि पलंगाखाली एक बॅग. जिन्याची चित्रे आपल्या खोलीतल्या पत्र्याच्या कपाटात असतात. परवा हिशेबाची वही ठेवायला गेले तेव्हा मी ती मोजली. त्रेसष्ट भरली. केटररचा माणूस खोली पाहायला आला होता तेव्हा त्याने त्याच कपाटाकडे बोट करून विचारले होते, "ये सामान कब हटेगा?" आणि मी त्याला उत्तर दिले होते, "रद्दी आहे, देऊन टाकू."

हे वाक्य माझ्या तोंडून दुसऱ्यांदा निघाले. पहिल्यांदा निघाले तेव्हा निदान कागद माझे होते.

पुढच्या महिन्याच्या सभेच्या पत्रिकेवर तिसरा विषय म्हणून तो ठराव छापला गेला आहे, 'मांडणार' म्हणून खाली माझे नाव आहे. तो मागे घेण्यासाठी सभेची संमती लागते आणि एक अनुमोदन लागते. गळतीचे पैसे कोठून आणायचे ते मला अजून ठाऊक नाही. दिवाळीच्या फराळाच्या मागणीतून थोडे येतील, आणि एक प्रदर्शन भरवावे असा आमचा विचार चालला आहे, याच सभागृहात, चार दिवस. काचेवरच्या बिघडलेल्या सोंडेसकट सगळे लावू. त्रेसष्ट जिने मात्र विकायचे नाहीत, असे आजींनी आत्ताच बजावले आहे.

परवाच्या बुधवारी तीन वाजता खोली उघडीच असेल. कागद मंडळाचा, रंग ज्याचे त्याने आणावेत, आणि पाण्याला घरून एक जुनी वाटी. अनुमोदन कोण देणार ते मला तेथेच येऊन सांगितले तरी चालेल.